कधीच नापास न होणारी परीक्षा

भारतातल्या कॉलेजांत ‘विद्यार्थी काय शिकले’ हे मोजायला विद्यार्थी लागत नाहीत. एक एक्सेल शीट लागते, गुणांची यादी लागते आणि कमिटी यायच्या आदल्या आठवड्यात रात्री नऊपर्यंत स्टाफरूममध्ये थांबणारे दोन-तीन तरुण प्राध्यापक लागतात. शीटच्या तळाशी एक आकडा येतो. २.४१, २.५६ किंवा २.७, तीनपैकी. तो फाईलमध्ये जातो, फाईल कमिटीपुढे जाते, कमिटी कॉलेजला श्रेणी देते, कॉलेज गेटवर फ्लेक्स लावतं. ज्या मुलांविषयी हा आकडा असतो, त्यांना तो कधी कुणी सांगत नाही.

या आकड्याचं नाव ‘अटेनमेंट’. विद्यार्थ्यांनी ठरलेली उद्दिष्टं किती गाठली, त्याचं हे माप. माझं म्हणणं असं की हे माप कमी दाखवूच शकणार नाही अशा रीतीने बनवलेलं आहे, आणि जे कमी दाखवू शकत नाही त्याला माप म्हणता येत नाही. शहरातल्या मुलांचं त्याने फारसं बिघडत नाही. त्यांच्याकडे क्लास असतात, ऑनलाइन कोर्स असतात, ओळखीचे दादा-ताई असतात. डहाणू-तलासरीतल्या मुलाकडे बहुतेकदा कॉलेज एवढंच असतं. कॉलेजने काय शिकवलं नाही हे कुठे नोंदलंच जाणार नसेल, तर त्याने ते मागायचं कुणाकडे?

मी डहाणूची. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा एका कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. माझ्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम खरंच चालतो का, हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिणं. त्यामुळे कुठलंही माप समोर आलं की मला आधी एकच गोष्ट बघायची सवय लागली आहे: हे चुकलेलं पकडतं का?

हे आलं कुठून

१९८९ मध्ये काही देशांच्या इंजिनिअरिंग संस्थांनी ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ नावाचा करार केला. एकमेकांच्या पदव्या समकक्ष मानायच्या, असा तो करार. पुढे त्यात एक रास्त अट पक्की होत गेली. कॉलेजने काय शिकवलं, किती तास शिकवलं, लॅबमध्ये किती मशीन आहेत एवढं सांगून भागणार नाही. शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी काय करू शकतो ते दाखवा. भारत जून २०१४ मध्ये या कराराचा कायम सदस्य झाला. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना ही मान्यता नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए देतं. आर्ट्स, कॉमर्स, सायन्सच्या कॉलेजांना नॅक श्रेणी देतं. दोन्ही संस्थांची स्थापना १९९४ ची, आणि आज दोन्हींच्या फॉर्ममध्ये हीच भाषा आहे.

प्रत्येक विषयाचे पाच-सहा ‘कोर्स आउटकम’, म्हणजे सीओ. हा विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला अमुक येईल, तमुक येईल. आणि पूर्ण पदवीचे ‘प्रोग्रॅम आउटकम’, म्हणजे पीओ. मी शिकत होते तेव्हा इंजिनिअरिंगचे पीओ १२ होते. त्यांत तांत्रिक ज्ञान होतं, प्रश्नाचं विश्लेषण होतं, नीतिमत्ता होती, टीमवर्क होतं, संवादकौशल्य होतं आणि शेवटी आजन्म शिकत राहण्याची क्षमता होती.

या यादीशी माझं भांडण नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेने इतका चांगला प्रश्न क्वचितच विचारला असेल. भांडण आहे ते त्या प्रश्नाचं उत्तर ज्या रीतीने काढलं जातं तिच्याशी.

आकडा कसा तयार होतो

समजा, वर्गात ६० मुलं आहेत. कॉलेज ठरवतं की ५० टक्के गुण मिळाले म्हणजे सीओ गाठला. मग पातळ्या ठरवायच्या. एनबीएच्या फॉर्ममध्ये नमुना म्हणून दिलेल्या पातळ्या अशा असतात: ६० टक्के मुलांनी ती रेघ ओलांडली तर १, ७० टक्के मुलांनी ओलांडली तर २, ८० टक्के मुलांनी ओलांडली तर ३. म्हणजे ६० पैकी ४८ मुलं पलीकडे गेली की पूर्ण ३. मागे राहिलेल्या १२ जणांना ४५ टक्के पडोत की शून्य, आकडा तोच. शिवाय रेघ कुठे मारायची ते कॉलेजच ठरवतं. ५० ला जमत नसेल तर ४५ ला मारा.

आता ‘कोणतेही तीन प्रश्न सोडवा’ ही ओळ घ्या. सीओ-४ हा सगळ्यांत अवघड भागावरचा आहे. त्याचा प्रश्न ६० पैकी फक्त ८ जणांनी सोडवला. ते हुशार होते, ७ जणांना बरे गुण पडले. अनेक शीटमध्ये भागाकार होतो तो ‘ज्यांनी प्रश्न सोडवला’ त्यांच्या संख्येने. आठांत सात म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. पातळी ३. उरलेले ५२ जण त्या प्रश्नाकडे फिरकलेही नाहीत, आणि त्यांना तो भाग येत नाही ही बातमी शीटपर्यंत पोचलीच नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेचं आणखीनच वेगळं. तिचे प्रश्नवार गुण संलग्न कॉलेजच्या हाती सहसा येत नाहीत, एकूण गुण येतात. मग शीटमध्ये काय भरायचं? एकूण गुणांवरून एक टक्केवारी काढायची आणि ती सीओ-१ पासून सीओ-६ पर्यंत सगळ्या रकान्यांत पेस्ट करायची. सहा वेगवेगळ्या गोष्टी शिकल्याचा पुरावा म्हणून एकच आकडा सहा वेळा.

यानंतर सीओचं पीओशी नातं जोडायचं. संबंध थोडा असेल तर १, मध्यम असेल तर २, दाट असेल तर ३. कोण ठरवतं? विषय शिकवणारे सर किंवा मॅडम, आणि बऱ्याचदा मागच्या वर्षीची शीट. गणित-३ चा ‘आजन्म शिकत राहण्याशी’ संबंध १, असं एकदा लिहिलं की लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या गणितांत पडलेल्या मार्कांतून विद्यार्थी जन्मभर शिकत राहील की नाही याचा दशांशात आकडा निघतो. दोन दशांश स्थळांपर्यंत.

राहिला एक्झिट सर्व्हे. एकूण आकड्यात त्याचा वाटा बऱ्याच ठिकाणी २० टक्के असतो. माझ्या कॉलेजात त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, सोबत सूचना: फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही. हॉल तिकिटाच्या रांगेत उभं राहून दिलेली मतं त्या वर्षी ‘विद्यार्थ्यांचा अभिप्राय’ म्हणून फाईलला लागली.

लाल होण्याची सोय

आमच्याकडे टेस्ट पास झाली की हिरवी दिसते, नापास झाली की लाल. नवीन माणूस लागला की त्याला सगळं हिरवं बघून आनंद होतो. चार महिन्यांनी त्याला कळतं की काही टेस्ट कधीच लाल होत नाहीत, कारण त्या काही तपासतच नाहीत. त्या पकडायची एक जुनी युक्ती आहे, १९७० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेली. तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. चालू प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चूक घालायची. अधिकच्या जागी उणे टाकायचं, एक ओळ उडवायची. मग टेस्ट चालवायच्या. एखादी टेस्ट लाल झाली तर तिला काम आहे. सगळ्या हिरव्याच राहिल्या तर त्या टेस्ट फेकायच्या लायकीच्या.

हीच युक्ती अटेनमेंटला लावू. मुद्दाम चूक घालू: सेमिस्टरमध्ये चौथा धडा शिकवलाच नाही. आता शीट बघा. इंटर्नल पहिल्या तीन धड्यांवर घेतली गेली. फायनल पेपरात चौथ्या धड्याचा प्रश्न ऐच्छिक होता, मुलांनी तो सोडला. ज्या आठांनी बाहेरून वाचून सोडवला त्यांना गुण पडले. विद्यापीठाचा एकूण टक्का सगळ्या रकान्यांत गेला. सर्व्हेत मुलांनी ‘उत्तम’वर टिक केलं. आकडा होता तिथेच.

दुसरी चूक घालू: वर्गातल्या मागच्या १२ जणांना काहीच आलं नाही. आकडा ३. तिसरी: प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये चौघांपैकी एकानेच काम केलं. टीमवर्कचा पीओ ग्रुपच्या गुणांवरून निघतो, चौघांनाही सारखेच गुण. आकडा ३.

शिकवण्यात घालता येईल अशी कुठलीही मोठी चूक घ्या, या शीटमध्ये हिरव्याचं लाल होताना दिसणार नाही. यासाठी कुणी लबाडी करायला लागत नाही. सूत्रं नियमाप्रमाणे भरली तरी हेच होतं.

आणि समजा, एखाद्या प्रामाणिक मॅडमनी सगळी गळती बुजवून खरा आकडा काढला आणि तो १.१ आला. त्यांचं काय होईल? अनेक ठिकाणी अशा मॅडम तासिका तत्त्वावर असतात, पुढच्या जूनमध्ये त्यांना पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नसते. कमिटी विचारेल, टार्गेट का गाठलं नाही? वरिष्ठ म्हणतील, शीट परत बघा. कागदोपत्री यावर उपाय आहे: आकडा खाली आला तर सुधारणेची योजना लिहा, असं फॉर्मच सांगतो. पण त्याच आकड्यावर श्रेणी, नाव आणि निधी टांगलेला असला की तो खाली येऊ द्यायचा धोका कोण पत्करेल? चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनपुरवठ्याबद्दल बोलताना हेच दाखवलं होतं. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की तो आकडा आधी जे सांगत होता ते सांगायचं बंद करतो. श्रेणीचा भार केवढा आहे ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळ्या देशाला दिसलं. आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला वरची श्रेणी मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना अटक केली.

तलासरीत हा आकडा काय करतो

तलासरी तालुक्यात दहातले नऊ जण आदिवासी आहेत, बहुसंख्य वारली. शेजारच्या डहाणूतही आदिवासींचंच बहुमत. इथल्या कॉलेजच्या वर्गात बसलेल्या मुलाची घरची भाषा वारली, शाळेची भाषा पुस्तकी मराठी, आणि कॉमर्स-सायन्सला गेला तर कॉलेजची भाषा इंग्रजी स्लाइड. कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. सकाळी लेक्चर आणि दुपारनंतर उंबरगाव नाही तर वापीच्या कंपनीत पाळी करणारी मुलं मला माहीत आहेत.

आता ती ५० टक्क्यांची रेघ आठवा. रेघ प्रत्येक कॉलेज स्वतः मारतं, म्हणून पार्ल्यातल्या कॉलेजचा २.५ आणि इथल्या कॉलेजचा २.५ कागदावर अगदी सारखे दिसतात. कागद म्हणतो, दोन्हीकडची मुलं आपापली उद्दिष्टं सारखीच गाठतात. मग इथे जास्तीचे शिक्षक कशाला? पहिल्या वर्षाला भाषेचा वेगळा वर्ग कशाला? भरायच्या राहिलेल्या जागांची घाई कशाला? सगळं उत्तम चाललंय, हे तुमच्याच कॉलेजने लिहून दिलंय.

हिरव्या आकड्याचं खरं नुकसान हे आहे. ज्या भागाला सगळ्यांत जास्त मागण्यासारखं आहे, त्याच भागाच्या हातून मागणीचा पुरावा तो काढून घेतो. आणि मुलगा पदवी घेऊन मुलाखतीत अडखळला की दोष थेट त्याच्या डोक्याला लागतो, कारण कॉलेजचा आकडा तर २.५ आहे.

मी आणि दोन मित्र डहाणूत रविवारी कॉलेजच्या मुलांना अर्ज लिहिणं, ईमेल, थोडं स्प्रेडशीट असं शिकवतो. तिथे तलासरीकडच्या एका पाड्यावरून टीवायबीएची एक मुलगी यायची. विषय राज्यशास्त्र, मार्क चांगले. एकदा तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक नोटीस आणली. ती सहावीत आश्रमशाळेत असताना घरी आलेली, रस्त्यासाठी जमीन घेण्याबद्दलची. हे काय होतं, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

तिने नोटीस मोठ्याने वाचली, एकही शब्द अडला नाही. पण त्या कागदावर हरकत घेता येते, तिला मुदत असते, आणि मुदत कुठल्या कायद्याखाली जमीन घेतली जाते त्यावर ठरते, हे तिला कुठल्याही विषयात कुणी सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ असेल तर राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस. ७३ व्या घटनादुरुस्तीवर तिने परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं. त्याच दुरुस्तीचा विस्तार करणारा १९९६ चा पेसा कायदा तिच्या पाड्याला लागू आहे, आणि त्यानुसार अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. हे तिच्या उत्तरातही नव्हतं आणि प्रश्नातही.

मग मी मुदतीचं समजावलं, आणि पाच मिनिटांत तिने विचारलं, “ताई, दिवस मोजायचे ते सरकारी कागदात छापलं तेव्हापासून, मग आमच्या घरी नोटीस उशिरा आली तर ते दिवस कुणाच्या खात्यात?” वकील हाच प्रश्न विचारतो. त्याला चिकित्सक विचार म्हणतात, पीओच्या यादीत तो वरच्या ओळीत असतो. त्या मुलीकडे काय नव्हतं तेही शीटला दिसलं नाही आणि काय होतं तेही दिसलं नाही. दिसले ते तिचे मार्क.

हा प्रश्न या तालुक्यात नवा नाही. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तो याच पट्ट्यात. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणसं जन्मभर सावकाराकडे राबायची, हिशोब सावकाराच्या वहीत असायचा. आज त्याच पट्ट्यातून बुलेट ट्रेन जाते आहे, दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे जातो आहे, समुद्राकडे वाढवण बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. या प्रकल्पांच्या बाजूने असा किंवा विरोधात, त्यांचे कागद वाचून आपलं म्हणणं मांडणं हे इथल्या पदवीधराला यायलाच हवं. येतं का, हे कुणी तपासलंय?

“मग मोजायचंच नाही का?”

मोजायचंच आहे. ‘ते आउटकम वगैरे सोडा, आमच्या वेळी कसं छान होतं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. त्यांच्या वेळी फक्त निकालाची टक्केवारी होती आणि गाइडं होती.

खरं माप कसं असतं ते ‘प्रथम’च्या ‘असर’ सर्वेक्षणाकडे बघा. घरी जायचं, मुलासमोर एक कागद धरायचा, वाच म्हणायचं. एवढंच. २०२३ च्या असरमध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमलं. या आकड्यांवर लोक चिडतात, भांडतात, पद्धतीवर शंका घेतात. घ्याव्यातच. पण तो आकडा लाल होऊ शकतो, म्हणून तर त्यावर भांडता येतं. हीच मुलं पुढे कॉलेजात येतात आणि तीन वर्षांत त्यांचं अटेनमेंट २.५ होतं.

आणि डहाणूने तर याचा धडा फार आधी घालून दिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. शाळेत आदिवासी मुलं येईनात. त्यांनी मुलांना नापास ठरवलं नाही. मूल येत नाही हा त्यांनी शाळेचा निकाल मानला आणि शाळाच मुलाच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणात शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. लाल दिवा लागला की शाळा बदलायची, हे दोन बायकांनी याच तालुक्यात करून दाखवलं, तेही एक्सेल नसताना.

मी काय मागते

एक. दरवर्षी प्रत्येक पदवीच्या शेवटच्या वर्गातून चिठ्ठ्या टाकून १२ विद्यार्थी निवडा. शेजारच्या कॉलेजातला एक शिक्षक प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलेल. समोर एक खरा कागद ठेवेल: नोटीस, सातबारा, चिकूच्या व्यापाऱ्याची हिशोबपट्टी, वीजबिल, भूकंपाच्या धक्क्यांची नोंद. इंजिनिअर असेल तर बिघडलेला प्रोग्रॅम. यातून काय कळतं, काय करशील, एवढंच विचारायचं. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत उत्तर. बारा दाहे एकशेवीस मिनिटं, म्हणजे दोन तास. सीओ-पीओच्या फाईलला एका विभागाचे किती तास जातात ते तुमच्या शिक्षकांना विचारा.

‘ओरल तर आत्ताही होतात, एक्सटर्नल येतात, नाश्ता करतात, मार्क देऊन जातात,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तिथे मार्क असतात म्हणून ते नाटक होतं. इथे मार्क नाहीत, मुलाचं नाव लिहायचं नाही. परीक्षा अभ्यासक्रमाची आहे, मुलाची नाही.

दोन. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात तेच काम कागदावर लिहून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून शिक्षकांनी एकत्र वाचा. तीन वर्षांत काय बदललं ते दिसेल.

तीन. कॉलेजच्या दारावर वर्षाला एक पान लावा: आमच्या मुलांना या वर्षी हे आलं नाही, म्हणून आम्ही हे बदलतोय, आणि सरकारने आम्हाला हे द्यायला हवं. तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची.

चार. ज्या अभ्यासक्रमाचा एकही आकडा तीन वर्षांत खाली आला नाही, त्याला नॅकने आणि एनबीएने पूर्ण गुण देऊ नयेत, आधी विचारपूस करावी. आकडा खाली आला आणि त्यावर काही केलं, याला गुण द्यावेत.

यात एक खरा धोका आहे. लाल आकडा दाखवला की सरकार त्याच आकड्याचं निमित्त करून कॉलेजचा निधी तोडेल, आदिवासी भागातल्या कॉलेजांना ‘निकृष्ट’ म्हणेल. म्हणून हा निकाल कुठल्याही शिक्षकाच्या नोकरीशी किंवा कॉलेजच्या अनुदानाशी जोडता कामा नये, ही अट लेखी हवी. पण लपवल्याने इथली कॉलेजं वाचतात, यावर माझा विश्वास नाही. हिरव्या आकड्यांनी आजवर तलासरीला एकही जास्तीचा शिक्षक मिळवून दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही आत्ता कॉलेजात असाल तर आज रात्री एक काम करा. कॉलेजच्या वेबसाइटवर जा. नॅकला दिलेला स्वयं-अध्ययन अहवाल तिथे ठेवलेला असतो. त्यातला निकष २.६ उघडा: विद्यार्थ्यांची कामगिरी आणि अध्ययन निष्पत्ती. तुमच्या विषयाची शीट शोधा. एखाद्या विषयाचा आकडा घसरला आहे आणि त्यावर काय केलं तेही लिहिलं आहे, असं सापडलं तर उद्या त्या शिक्षकांना भेटून आभार माना. त्यांनी धोका पत्करला आहे. सगळंच हिरवं दिसलं तर तुमच्या पुढच्या लेक्चरला हात वर करा आणि नीट, शांतपणे विचारा: “सर, या विषयाचा सीओ-४ मला आला की नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”